काळजीला वेळ ठरवून द्या: उद्याचा घोर बाजूला ठेवून आजच्या कामात राहण्याची रीत

"काळजी करू नकोस" म्हणणारी चार माणसं प्रत्येक घरात असतात. ती कशी थांबवायची, हे मात्र कोणी सांगत नाही. मग माणूस आपल्या परीनं प्रयत्न करतो. विचार आला की त्याला हाकलतो, मिनिटभरात तो परत येतो, आणि आठ दिवसांनी "माझा स्वभावच असा" म्हणून सगळं सोडून देतो.

मराठीत काळजी 'करतात' आणि काळजी 'घेतात'. केल्यानं जीव कातावतो, घेतल्यानं काम पुढे सरकतं. आपण या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायला जातो, तेही रात्री अकरा वाजता, अंथरुणात, अंधारात. तिथे घेण्यासारखं काहीच हाताशी नसतं, म्हणून नुसती करणं उरतं. खाली दिलेली रीत या दोन्ही वेगळ्या काढते आणि प्रत्येकीला आपापली वेळ देते.

विचार हाकलून जात नाही, हे आधी मान्य करा. १९८७ साली डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं काही जणांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, तर अस्वल त्यांच्या डोक्यात पुन्हा पुन्हा येत राहिलं. 'पुढचं काही मनात आणायचं नाही' असा निश्चय करून बसणाऱ्याचं हेच होतं. विचार पुढे ढकलणं मात्र जमतं. थॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली काळजीखोर माणसांना रोज अर्धा तास, ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या जागी काळजी करायला लावली, आणि बाकी दिवसभर आलेला विचार त्या वेळेवर टाकायला सांगितलं. त्यांची दिवसभराची काळजी कमी झाली. मी वीस मिनिटं सांगते, कारण आपल्या घरांत संध्याकाळी अर्धा तास कोणी एकटं सोडत नाही.

## आधी हे पाहा: ही रीत कोणासाठी नाही

सहा महिन्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, आवरता न येणारी काळजी वाटत असेल, आणि सोबत झोप उडणं, अंग आखडणं, चिडचिड, लक्ष न लागणं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. वही त्यानंतर. छातीत धडधड आणि हात थरथरणं थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागल्यानंही होतं, तेव्हा रक्ततपासणी टाळू नका. छातीत दुखत असेल तर 'टेन्शनमुळे असेल' असं घरबसल्या ठरवू नका.

जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर आत्ताच कोणाला तरी सांगा. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

ज्यांच्यावर संकट खरोखर आज आहे, म्हणजे घरात मारहाण होते किंवा वसुलीवाले दारात येऊन धमकावतात, त्यांनीही हे पुढे ढकलण्याचं तंत्र वापरू नये. तिथे मदत मागणं हेच पहिलं काम.

## तयारी: वही, जागा, वेळ

वही. शंभर पानी, एकरेघी, शाळेची. मोबाइलमध्ये लिहू नका. मोबाइल उघडला की त्याच हातानं गुगल उघडतं, आणि 'मानेत गाठ' असं टाइप केल्यावर पुढचा तास कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहे. सोबत खिशात मावेल असा कागदाचा तुकडा किंवा छोटी डायरी ठेवा. वही घरी राहील, तुकडा दिवसभर सोबत फिरेल.

जागा. रोज एकच. पलंग नको, जेवायची जागा नको, जिथे बसून तुम्ही ऑफिसचं काम करता ती खुर्चीही नको. ज्या जागी रोज काळजी कराल ती जागा हळूहळू काळजीचीच होते. हे आपल्याला हवंही आहे, फक्त ती जागा अंथरुण नसावी. खोली-स्वयंपाकघर एवढ्याच घरात राहणाऱ्यांनी गच्चीचा जिना, सोसायटीच्या आवारातला बाक, देवळाचा पार असं काहीही चालवावं. लोकलमध्ये बसायला जागा मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून ती धरू नका.

वेळ. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात यांच्या मधली वीस मिनिटं. झोपण्याआधी निदान दोन तास मध्ये जायला हवेत. सकाळी उठल्या उठल्या नको, दिवसभर तोच सूर लागतो. ऑफिसातून आल्यावर आणि कुकर लावण्याआधी बसणं बहुतेकांना जमतं. एकदा ठरवलेली वेळ महिनाभर बदलायची नाही.

घरच्यांना सांगणं. 'मी साडेसहा ते सहा पन्नास जरा लिहीत बसणार आहे' एवढं पुरे. काय लिहिताय हे दाखवायचं बंधन नाही.

*तपासा:* वही आणली? जागा ठरली? मोबाइलमध्ये दोन गजर लावले, एक बसायचा आणि एक उठायचा? उठायचा गजर नसेल तर सुरुवातच करू नका. तो नसला की वीस मिनिटांचा दीड तास होतो.

सुरुवात करायला साधा आठवडा निवडा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा निकालाच्या सकाळी ही रीत पहिल्यांदा हातात घेणं म्हणजे पूर आल्यावर पोहायला शिकणं.

## टप्पा १: तीन दिवस नुसती नोंद

पहिले तीन दिवस काहीही बदलायचं नाही. काळजी आली की तुकड्यावर वेळ लिहा आणि तेव्हा काय करत होतात ते दोन शब्दांत लिहा. '९.४०, ग्रुप वाचला.' '४.१५, चहा.' '११.२०, दिवा बंद.'

हा टप्पा लोक हमखास गाळतात, कारण यात काही केल्यासारखं वाटत नाही. पण तिसऱ्या दिवशी तुकडे समोर मांडले की दिसतं, काळजी दिवसभर नसते. तिच्या येण्याच्या ठरलेल्या वाटा असतात. कोणाला ती नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणाच्या मुलाचं पॅकेज वाचल्यावर येते, कोणाला दूध तापवत उभं असताना, कोणाला पगाराच्या एसएमएसनंतर.

संध्याकाळचा चहाही पाहा. पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. सहाच्या कडक चहातलं निम्मं कॅफीन अकरा वाजता अंगात असतं आणि धडधड वाढली की मन तिला कारण शोधतं. दुपारी चारनंतरचा चहा या महिन्यापुरता सोडा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा.

## टप्पा २: घोराचं वाक्य करा

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

'पोराचं कसं होणार.' 'नोकरीचं काही खरं नाही.' 'आईचं काय होईल कोण जाणे.' ही वाक्यं वहीत लिहून काही हाती लागत नाही. ती वाक्यं नाहीतच, उसासे आहेत. उशाला घेऊन पडलं तर रात्रभर पुरतात, कारण त्यांना शेवट नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते अशाच बिनशेवटाच्या विचारांबद्दल.

प्रत्येक उसाशाचं असं वाक्य करा की ज्यात कोण, काय आणि कधीपर्यंत या तिन्हीची उत्तरं असतील.

'पोराचं कसं होणार' याचं वाक्य: 'कॉलेज प्रवेशाच्या केंद्रीय प्रक्रियेतल्या (कॅपच्या) पहिल्या फेरीत त्यानं भरलेल्या पहिल्या तीन कॉलेजांपैकी एकही मिळणार नाही.'

'नोकरीचं काही खरं नाही' याचं वाक्य: 'मार्चअखेरपर्यंत आमच्या विभागातली माणसं कमी करतील आणि त्यात मी असेन.'

'आईचं काय होईल' याचं वाक्य: 'सोमवारी येणाऱ्या रिपोर्टमध्ये गाठ कर्करोगाची निघेल.'

शेवटचं वाक्य माझं आहे. ते लिहायला मला चार दिवस लागले. वाटायचं, कागदावर उतरवलं की खरं होईल. आपल्याकडे वाईट तोंडातून काढू नये असं लहानपणापासून ऐकलेलं असतं, वास्तू तथास्तु म्हणते म्हणतात. तुमचाही हात अडखळला तर वाक्याखाली 'ही माझी भीती आहे' असं लिहा आणि पुढे जा. मला तेवढ्यानं लिहिता आलं.

सावधान: एका वाक्यात एकच काळजी. 'रिपोर्ट वाईट आला आणि पैसे कमी पडले आणि भावानं हात वर केले तर' ही तीन वाक्यं आहेत. माळ तोडा, मणी सुटे करा.

*तपासा:* ही गोष्ट खरी झाली की नाही, हे अमुक तारखेला सांगता येईल का? येत नसेल तर वाक्य अजून मोघम आहे.

## टप्पा ३: विचार आला की वेळ सांगा आणि हातातल्या कामावर या

चौथ्या दिवसापासून खरी सुरुवात. दिवसा काळजी आली की तीन गोष्टी, याच क्रमानं.

पहिली, तुकड्यावर पाच-सहा शब्दांत ती लिहा. दुसरी, मनात म्हणा: 'साडेसहाला बघू.' तिसरी, जे करत होतात त्यावर परत या.

परत येणं म्हणजे नक्की काय, हे न कळल्यामुळे बरेच जण अडतात. 'वर्तमानात राहा' म्हटलं की डोळे मिटून, पाठ ताठ करून, शांत चेहऱ्यानं बसलेलं कोणीतरी डोळ्यांसमोर येतं. तसं काही नको. तुम्ही भेंडी चिरत असाल तर सुरीची मूठ हाताला कशी लागते, देठ कापताना आवाज कसा होतो, बोटांना चिकट किती लागलंय, एवढं पाहा. एक्सेल भरत असाल तर पुढचा एकच रकाना. गाडी चालवत असाल तर पुढच्या गाडीचं अंतर आणि आरसा. हाताला, कानाला, डोळ्याला लागणाऱ्या तीन गोष्टी मोजा, की झालं. आत्ताचा क्षण बहुतेक वेळा साधा असतो, थोडा कंटाळवाणाही. आनंद वाटला नाही म्हणजे चुकलं, असं समजू नका.

विचार पुन्हा येईल. पहिल्या दिवशी चाळीस वेळा आला तरी तो अपयशाचा आकडा नाही. चाळीस वेळा परत आलात, एवढाच त्याचा अर्थ. तीच काळजी पुन्हा आली तर पुन्हा लिहू नका, आधीच्या ओळीपुढे एक रेघ मारा.

छातीत जास्तच दाटलं असेल तर परत येण्याआधी पाच श्वास: आत घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. सोडणं लांबवलं की हृदयाची गती जराशी उतरते. गरगरलं तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. गाडी चालवताना हे करू नका.

सावधान: 'साडेसहाला बघू' हे स्वतःला दिलेलं वचन आहे. साडेसहाला बसलाच नाहीत तर दोन दिवसांत मन ओळखतं की ही नुसती बोळवण आहे, आणि विचार सोडायला तयार होत नाही. पद्धत बंद पडते ती बहुतेक वेळा इथे. दिवस चांगला गेला, डोकं हलकं आहे, आज कशाला बसायचं, असं वाटेल. त्या दिवशीही बसा. लिहिण्यासारखं काही नसेल तर पाच मिनिटं बसून उठा.

## टप्पा ४: वीस मिनिटांची बैठक

गजर वाजला की वही घेऊन ठरलेल्या जागी बसा आणि दिवसाचा तुकडा समोर ठेवा.

पहिली पाच मिनिटं: उतरवणं. तुकड्यावरच्या ओळी वाचा. ज्यांचं आता काही वाटत नाही त्या खोडा. सकाळी साहेबांनी 'जरा येऊन जा' म्हटल्यावर पोटात गोळा आला होता, संध्याकाळपर्यंत कळलं की त्यांना रजेच्या अर्जावर सही हवी होती. अशा ओळी बऱ्याच निघतात. उरलेल्यांची टप्पा २ प्रमाणे वाक्यं करून वहीत लिहा.

पुढची दहा मिनिटं: निवडणं. प्रत्येक वाक्यापुढे एक अक्षर लिहायचं. या आठवड्यात यात माझ्या हातानं काही करण्यासारखं असेल तर 'घ', म्हणजे घेण्यासारखी काळजी. नसेल तर 'क', म्हणजे नुसती करण्यासारखी.

बऱ्याच वाक्यांत दोन्ही मिसळलेली असतात. ती फोडा. निवडण्याचं कौशल्य खरं इथे आहे, म्हणून तीन उदाहरणं सविस्तर देते.

शेतकऱ्याचं वाक्य: 'यंदा पाऊस लांबला आणि दुबार पेरणी करावी लागली तर.' पाऊस कधी येईल हे 'क'. पण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरायचं नाही, हे 'घ'. कृषी विभाग दरवर्षी हेच सांगतो, आणि शेजाऱ्यानं पेरलं की आपला धीर सुटतो तोही दरवर्षीच. घरचं सोयाबीनचं बियाणं असेल तर ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून किती उगवतात ते मोजणं हेही 'घ'. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चालेल. कमी उगवले तर काय करायचं ते कृषी विभागाच्या माणसाला विचारायला अजून दिवस हातात आहेत.

नोकरदाराचं वाक्य: 'कामावरून काढलं तर हप्ते कसे भरू.' काढतील का, हे 'क'. आकडा मांडणं 'घ'. समजा घराचा हप्ता १८,००० आणि घरखर्च ३२,०००, म्हणजे महिन्याला ५०,०००. सहा महिने तग धरायचा तर ३ लाख लागतील. जवळ ८०,००० आहेत. म्हणजे आज कमाई थांबली तर दीड महिना. आकडा पाहून पोटात खड्डा पडेल, पडू द्या. 'रस्त्यावर येऊ' या विचारापेक्षा 'दीड महिना आहे, तो तीन महिन्यांवर न्यायचा' हा विचार हाताळता येतो. या आठवड्याचं एकच काम लिहा: 'गुरुवारी रात्री नऊला बायोडेटा नवा करणे.'

आजारपणाचं वाक्य: 'रिपोर्ट वाईट आला तर.' रिपोर्टमध्ये काय असेल ते 'क'. आईचे जुने कागद तारखेप्रमाणे फाइलला लावणं, चालू गोळ्यांची यादी करणं, डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न लिहिणं, विम्याच्या कार्डाची मुदत पाहणं, सोबत भाऊ येणार की वहिनी ते ठरवणं, ही सगळी 'घ'.

'घ'पुढे काम लिहिताना दिवस आणि वेळ हवीच. 'पैशांचं बघणे' हे काम होत नाही. आणि एका बैठकीतून जास्तीत जास्त दोनच कामं बाहेर पडू द्या. दहा लिहिलीत तर उद्याची काळजी त्या यादीची असेल.

शेवटची पाच मिनिटं: 'क'जवळ बसणं. 'क' वाक्यावर उपाय शोधायचा नाही. त्याखाली तीन छोट्या ओळी लिहा. सगळ्यात वाईट काय होईल. बहुधा काय होईल. वाईटच झालं तर त्या दिवशी मी पहिली गोष्ट कोणती करेन. मग ती गोष्ट कळण्याची तारीख लिहा आणि पेन खाली ठेवा. उरलेला वेळ छातीत जे होतंय ते होऊ द्या. त्याला हलवायचं नाही, समजवायचं नाही. गजर वाजेपर्यंत नुसतं बसा. कठीण आहे, पण माहीत नसलेल्या गोष्टीसोबत बसण्याची सवय याच पाच मिनिटांत लागते.

सावधान: बैठकीत फोन करून कोणाला 'सगळं ठीक होईल ना?' असं विचारू नका. गुगलही नको, ज्योतिषाचा नंबरही नको. दिलासा दोन तास टिकतो आणि मग आणखी मोठ्या डोसची गरज पडते. परदेशात शिकणाऱ्या मुलाचं 'लास्ट सीन' तासातासाला पाहणं यातच मोडतं. त्याच्याशी बोलून आठवड्याचे दोन फोन ठरवा, आणि मधल्या दिवसांत 'लास्ट सीन' पाहावंसं वाटलं की तेही तुकड्यावर लिहा.

*तपासा:* उठताना वहीत निदान एका 'घ'पुढे दिवस आणि वेळ आहे का? 'क'पुढे तारीख आहे का? असेल तर बैठक झाली. मन हलकं झालं की नाही, हे आज पाहायचं नाही.

## टप्पा ५: उठल्यावरची दहा मिनिटं

गजर वाजला की वाक्य अर्धं असलं तरी वही मिटा. लगेच अंग हलेल असं काम घ्या: भांडी घासा, कोथिंबीर निवडा, खाली जाऊन दूध आणा, कपडे घडी करा. फोन हातात घेऊ नका. बसल्या जागी बसून राहिलात तर बैठक डोक्यात चालूच राहते.

यातलं एक काम रोजचं ठरवा आणि ते पूर्ण लक्षानं करा. माझं काम पोळ्या लाटणं आहे. पिठाचा ओलावा, लाटण्याचा आवाज, तव्यावर पोळी फुगण्याआधी येणारा पहिला फोड. लक्ष भरकटलं की पुढच्या पोळीला परत येते.

## टप्पा ६: रात्र

झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी करा. २०१८ साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ जणांवर एक प्रयोग झाला. झोपताना पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी तितका फरक जास्त. म्हणून 'बँक' असं न लिहिता 'साडेदहाला बँकेत जाऊन पासबुक भरून घेणे' असं लिहा.

दिवा मालवल्यावर काळजी आलीच तर उशाशी ठेवलेल्या तुकड्यावर अंदाजानं चार शब्द लिहा आणि 'उद्या साडेसहाला' म्हणा. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, दुसऱ्या खोलीत किंवा निदान पलंगावरून खाली मंद उजेडात बसा, डोळे जड झाले की परत या. घड्याळ पाहू नका. 'तीन वाजले, आता चारच तास राहिले' हा हिशेब स्वतःच एक नवी काळजी आहे.

सावधान: रात्री वही उघडायची नाही. मध्यरात्री सगळ्याच गोष्टी 'क' दिसतात.

## टप्पा ७: रविवारची तपासणी

दर रविवारी मागच्या पानांवर जा. ज्या वाक्यांची तारीख उलटून गेली त्यांच्यापुढे लिहा: झालं, नाही झालं, की वेगळंच झालं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात अतिचिंतेचा विकार असलेल्या २९ जणांनी आपल्या काळज्या लिहून नंतर अशाच तपासल्या. सरासरी ९१ टक्के काळज्या खऱ्या झाल्याच नाहीत. तुमचा आकडा तुमच्या वहीतून येऊ द्या. दुसऱ्याच्या आकड्यावर मन विश्वास ठेवत नाही.

पण ही तपासणी 'काही वाईट होत नसतं' हे सिद्ध करण्यासाठी नाही. माझ्या आईची गाठ कर्करोगाचीच निघाली. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले होते, आणि त्या नऊ दिवसांच्या पानांवर 'क'पुढे तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा आहे. त्याच पानांवर 'घ'ची कामंही आहेत. सोमवारी डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा फाइल लावलेली होती, प्रश्न लिहिलेले होते, भाऊ शेजारी होता. आणि मधल्या शनिवारी आई आणि मी गॅलरीत बसून वाटाणे सोलले होते. ती तिच्या शाळेतल्या गोष्टी सांगत होती आणि मी ऐकत होते, खरोखर ऐकत होते. त्या दिवसाच्या तुकड्यावर अकरा रेघा आहेत. अकरा वेळा रिपोर्ट मनात आला आणि अकरा वेळा मी वाटाण्यांकडे परत आले.

म्हणून रविवारी आणखी एक रकाना भरा: जे 'झालं', ते झाल्यावर मी काय केलं. त्याखाली दोन ओळी पुरेत.

## मनातून जाता न जाणाऱ्या दोन समजुती

एक: 'मी काळजी करते म्हणून सगळं नीट चाललंय.' मुलगा रात्री घरी येईपर्यंत खिडकीत उभी राहणारी आई मनोमन असंच मानत असते. मुलगा रोज सुखरूप येतो आणि श्रेय खिडकीला जातं. हे वाद घालून जात नाही. आठवड्यातून एक दिवस खिडकीत उभं न राहता बघा, आणि ते वहीत लिहा.

दुसरी जास्त खोल आहे: 'काळजी नाही म्हणजे माया नाही.' इथे घेणं आणि करणं यांतला फरक पुन्हा आठवा. औषधाची वेळ सांभाळणं, विचारपूस करणं, जवळ बसणं ही माया. ती या पद्धतीत कुठेही कमी होत नाही, उलट तिच्यासाठी हात मोकळे होतात.

## घरच्यांनी काय म्हणावं

सासूबाईंनी संध्याकाळी चारला पाचव्यांदा विचारलं, "अगं, नातीचं लग्न जमेल ना?" तर "आई, तुम्ही उगाच काळजी करता" हे उत्तर उपयोगाचं नाही. त्यानं त्या गप्प होतात, काळजी तशीच राहते. त्याऐवजी: "आई, हे लिहून ठेवते. साडेसहाला आपण दोघी बसून बोलू." आणि साडेसहाला खरंच बसायचं. त्या लिहीत नसतील तर तुम्ही लिहा, अक्षर मात्र त्यांना विचारून टाका, 'क' की 'घ'. जावयानं किंवा मुलानं वही चोरून वाचू नये. एकदा वाचली गेली की माणूस खरं लिहायचं थांबवतो.

## किती दिवसांत काय दिसेल

पहिल्या आठवड्यात काळजी वाढल्यासारखी वाटते, कारण आता ती मोजली जातेय. बहुतेक जण याच आठवड्यात सोडतात. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी वाचताना खोडण्याच्या ओळी वाढू लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वीस मिनिटं भरत नाहीत, बारा-पंधरातच संपतं. तरी महिना पूर्ण होईपर्यंत वेळ कमी करू नका. त्यानंतर दहा मिनिटं, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. घरात लग्न, बदली, दुखणं आलं की पुन्हा रोजच्या वीस मिनिटांवर या.

चार आठवडे नेमानं करूनही झोप, भूक किंवा कामावर तोच परिणाम राहिला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. तुमची काळजी कधी, कशानं आणि किती वेळा येते हे त्यांना त्या पानांवरून दहा मिनिटांत कळेल. नाहीतर तेच विचारण्यात पहिल्या दोन भेटी जातात.